गैरहजेरीत गेलेला वाटा



ऑफिसात मस्टर असते. ठरल्या वेळी ते साहेबांच्या टेबलावर जाते आणि ज्याची सही नाही त्याच्या नावापुढे लाल शेरा पडतो. माणूस कितीही कामाचा असो, मस्टर एवढेच सांगते की तो हजर नव्हता. सरकारी खरेदीचेही असेच एक मस्टर आहे. त्यात आपल्या लोकांपुढे वर्षानुवर्षे लाल शेरा पडतो आहे आणि त्या शेऱ्यापायी आपल्या हक्काचा वाटा दुसऱ्याच्या ताटात जातो आहे. हे मस्टर कुठे ठेवलेले असते हेच आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

सरकार हे देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक. केंद्राची मंत्रालये, रेल्वे, सरकारी बँका, तेल कंपन्या, कोळसा कंपन्या, बंदरे, दवाखाने या सगळ्यांना रोज काही ना काही विकत लागते. झाडूपासून इंजिनापर्यंत, चहापाण्यापासून इमारतीच्या साफसफाईपर्यंत. आपण नोकरीतल्या राखीव जागांबद्दल पुष्कळ बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण खरेदीतल्या वाट्याबद्दल कधी बोलतो का? बाबासाहेब याबाबतीतही आपल्या पुढेच होते. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्या आणि शिक्षण यांच्या बरोबरीने सरकारी कंत्राटांचाही प्रश्न मांडला होता.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, २३ मार्च २०१२ रोजी, केंद्र सरकारने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाच्या खरेदीचा आदेश काढला. तो १ एप्रिल २०१२ पासून लागू झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक झाला. पुढे २०१८ साली त्यात दुरुस्ती झाली. आज त्याचा अर्थ असा : केंद्राच्या प्रत्येक मंत्रालयाने, खात्याने आणि सार्वजनिक कंपनीने आपल्या वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून. म्हणजे एकूण शंभर रुपयांच्या खरेदीत चार रुपये आपले. हजारो कोटींच्या खरेदीत हे चार रुपये केवढे होतात याचा हिशोब वाचकांनीच करावा.

येथे एक शंका हमखास येते. आपण बौद्ध, मग अनुसूचित जातीचा लाभ मिळेल का? मिळतो. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी मान्यता दिली. जातीचा दाखला त्याप्रमाणे नीट काढून ठेवावा, म्हणजे पुढे अडत नाही.

आता आदेशातली खरी ग्यानबाची मेख पाहा. त्यातच असे लिहिले आहे की, अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरलेच नाहीत, किंवा अटी आणि सर्वांत कमी दर यांना पुरे पडले नाहीत, तर हे ४ टक्के बाकीच्या लघु उद्योगांकडून भरून काढावेत. अधिकाऱ्याला कोणाला नाकारावे लागत नाही. जातीयवाद करावा लागत नाही. आपण आलोच नाही एवढे कागदावर दिसले की काम भागते. गेल्या काही वर्षांत सार्वजनिक कंपन्यांची आपल्या उद्योगांकडून झालेली खरेदी या ४ टक्क्यांपासून लांबच राहिली आहे. त्याला भांडवलाचा अभाव, ओळखीचा अभाव अशी अनेक कारणे आहेत. पण पहिले कारण साधे आहे. निविदा निघाली हेच कळत नाही.

आमच्या वस्तीत तीन भगिनी भागीदारीत पिशव्या शिवतात. हात चांगला, माल टिकाऊ. केंद्राच्या एका कार्यालयाला प्रशिक्षणासाठी काही शे कापडी पिशव्या हव्या होत्या. या भगिनींना ते कळले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. त्यांतली थोरली आम्हाला म्हणाली, "दादा, आम्ही रोज त्याच हापिसावरनं जातो. फाटकाजवळच्या बोर्डाकडं बघतो बी. तिथं कागदच नव्हता." आम्ही चौकशी केली. कागद होता, पण बोर्डावर नव्हता. पंधरवडाभर तो वेबसाइटवर होता. कार्यालयाने नियमाप्रमाणे जाहिरात दिली होती आणि या भगिनीही रोज डोळे उघडे ठेवून जात होत्या. तरी दोघांची गाठ पडली नाही.

मग उपाय काय? रोज पन्नास वेबसाइट उघडून पाहायच्या? शिलाई सोडून ते करणे कोणाला परवडेल? मोठे कंत्राटदार त्यासाठी पगारी माणसे ठेवतात. आपल्याला ते जमणार नाही. पण हा पहारा आता यंत्राकडून करून घेता येतो आणि त्याला फारसा पैसा लागत नाही, वेळेची शिस्त लागते. कसे ते क्रमाने सांगतो.

पहिले काम : गिऱ्हाइकांची यादी

आपण काय बनवतो किंवा कोणती सेवा देतो आणि ते कोण विकत घेते, याची यादी करावी. उगाच सगळ्या भारताचे सरकार पाहू नये. सुरुवातीला दहा-पंधरा कार्यालये पुरेत, जिथपर्यंत आपला माल पोचवता येईल अशी. प्रत्येकापुढे ते कोणत्या वेबसाइटवर निविदा टाकते हे लिहावे. केंद्राच्या निविदा केंद्रीय खरेदी पोर्टलवर निघतात. तयार वस्तू आणि सेवांसाठी २०१६ साली 'जेम' म्हणजे सरकारी ई-बाजारपेठ सुरू झाली. तेथे मिळणारी वस्तू केंद्राच्या खात्यांनी तेथूनच घ्यायची असा नियम आहे. रेल्वेचे 'आयरेप्स' हे स्वतंत्र पोर्टल आहे. महाराष्ट्र शासनाच्या निविदा 'महाटेंडर्स'वर असतात. मात्र लक्षात ठेवावे, ४ टक्क्यांचा तो आदेश केंद्राच्या कार्यालयांना लागू आहे. राज्य सरकार, जिल्हा परिषदा, महापालिका यांना तो बांधत नाही. कर्नाटकाने २०१७ साली कायदा करून ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी बांधकामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांना मिळून २४.१ टक्के राखीव वाटा दिला. असा कायदा महाराष्ट्रात का नसावा, हा प्रश्न आपल्या पुढाऱ्यांना विचारण्यासारखा आहे.

यादीतल्या प्रत्येक कार्यालयाच्या वेबसाइटवर आणखी एक पान शोधावे. वर्षभरात काय खरेदी करणार याची योजना आधी जाहीर करावी असे या आदेशातच म्हटले आहे. निविदा पंधरा-वीस दिवस राहते, योजना मात्र कित्येक महिने आधी कळू शकते. कर्ज, कच्चा माल, कागदपत्रे यांची तयारी तेवढ्या वेळात होते.

दुसरे काम : शब्दांची यादी

यंत्राला अक्कल नसते, त्याला शब्द लागतात. आपण 'पिशवी' म्हणतो, कार्यालय 'बॅग' म्हणते, दुसरे 'कॅरी बॅग', तिसरे 'कॉन्फरन्स किट' म्हणते. आपण 'साफसफाई' म्हणतो, निविदेत 'हाऊसकीपिंग' किंवा 'सॅनिटेशन' असते. जेवणाच्या डब्याला 'केटरिंग', शाळेच्या गणवेशाला 'युनिफॉर्म'. जुन्या निविदा चाळून हे शब्द जमवावेत आणि निविदेत छापलेले असतात तसेच इंग्रजी स्पेलिंगने लिहून ठेवावेत. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम द्यावे, तासाभरात होते. या यादीवर सगळा पहारा उभा राहतो. शब्द चुकला तर यंत्र शांत बसते आणि आपल्याला वाटते की निविदाच निघाली नाही.

तिसरे काम : पहारेकरी नेमणे

हे पहारेकरी चार प्रकारचे असतात. पहिला, पोर्टलची स्वतःची सूचना. विक्रेता म्हणून नोंद केली आणि आपला माल योग्य वर्गात मांडला की त्या वर्गातल्या बोलीची खबर मिळू शकते. दुसरा, 'गूगल अलर्ट्स'. आपला शब्द आणि कार्यालयाचे नाव एकदा भरून ठेवले की नवीन काही दिसल्यावर ईमेल येतो. हा फुकट आहे, पण याच्यावर विसंबू नये, कारण निविदा पोर्टलच्या आतली पाने गूगलला बहुधा दिसत नाहीत. तिसरा, पानावर नजर ठेवणारा प्रोग्राम. तो कार्यालयाच्या निविदांच्या पानाची नक्कल ठेवतो, ठरल्या वेळी पान पुन्हा उघडतो, जुन्याशी ताडून पाहतो आणि फरक दिसला तर कळवतो. थोड्या पानांसाठी असे प्रोग्राम फुकट मिळतात. चौथा, अलीकडे आलेले कृत्रिम बुद्धीचे मदतनीस. रोज सकाळी अमुक पाने वाच, आपल्या कामाच्या निविदा वेगळ्या काढ आणि मराठीत चार ओळींत सांग, असे काम त्यांतल्या काहींना लावून देता येते.

या चौथ्याबद्दल इशारा दिला पाहिजे. तो भाषा चांगली लिहितो म्हणून खरेच लिहितो असे नाही. तारीख, रक्कम, अटी यांत तो चुकतो आणि चुकलेलेही ठासून सांगतो. म्हणून त्याने सांगितलेले म्हणजे नुसती वर्दी समजावी. मूळ निविदा माणसाने उघडून, शेवटच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज एक रुपयाही खर्च करू नये.

आणखी एक अडचण येते. अनेक सरकारी पोर्टलवर शोधण्याआधी वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरावी लागतात. समोर माणूस आहे की यंत्र हे पाहण्यासाठी ती असतात. ती चुकवणाऱ्या युक्त्या कोणी सांगेल, पण त्या करू नयेत. जेथे वेबसाइटने यंत्राला मज्जाव केला आहे तेथे माणूस बसवावा. आठवड्यातून दोन दिवस विहारात अर्धा तास एखाद्या मुलीने बसून ते पान पाहिले तरी पुरते. जेथे मोकळीक आहे तेथेही दर मिनिटाला यंत्र पाठवू नये. दिवसातून दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या.

चौथे काम : आवक वही

आम्ही कारकून माणसे. आमचा भरवसा वहीवर. यंत्राने दहा सूचना आणल्या आणि त्या मोबाईलमध्ये पडून राहिल्या तर बोर्ड न वाचणे आणि हे सारखेच. म्हणून एक आवक वही ठेवावी. रकाने असे : कार्यालय, निविदा क्रमांक, निघाल्याची तारीख, शेवटची तारीख व वेळ, वस्तू, संख्या, बयाणा, शुद्धिपत्रक, आपला निर्णय, निकाल. शुद्धिपत्रकाचा रकाना विसरू नये. निविदा निघाल्यावर मुदत वाढते, अट बदलते, संख्या बदलते आणि ते एका छोट्या कागदात सांगितलेले असते. ज्याने मूळ निविदा वाचून पाठ फिरवली तो तेथे फसतो.

निकालाचा रकाना तर सोन्याचा. काम कोणाला मिळाले, किती दराने मिळाले, हे पुष्कळदा पोर्टलवर दिसते. दोन वर्षे असे लिहिले की गिऱ्हाइकाचा स्वभाव कळतो. कोणते कार्यालय मार्चअखेरीस घाईने खरेदी करते, कोणाचा दर किती उतरतो, कोठे वर्षानुवर्षे एकच कंत्राटदार येतो, हे सगळे वही सांगते. तेथे मग आपला दर अंदाजाने नव्हे, हिशोबाने भरता येतो.

पाचवे काम : कागद आधी, निविदा नंतर

पहारा कितीही चोख ठेवला आणि कागद तयार नसले तर उपयोग नाही. उद्यम नोंदणी करावी. ती सरकारी वेबसाइटवर फुकट होते, तिच्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट खोटी समजावी. भागीदारी असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के असावा लागतो. बऱ्याच ई-निविदांना डिजिटल सही लागते, ती शेवटच्या दिवशी मिळत नाही. आणि हा वाटा स्वतः माल बनवणाऱ्यांसाठी किंवा सेवा देणाऱ्यांसाठी आहे, बाजारातून घेऊन नुसते विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी नाही.

त्याबदल्यात सवलती आहेत त्या मागून घ्याव्यात. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला निविदेचा कागद फुकट मिळतो आणि बयाणा माफ असतो. मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर १०० रुपये आला आणि आपला ११५ पर्यंत असला, तर १०० रुपयांवर उतरण्याची आपली तयारी असल्यास ऑर्डरचा वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांना द्यावा लागतो. ३५८ वस्तू तर केवळ या उद्योगांकडूनच घ्यायच्या म्हणून राखून ठेवल्या आहेत. कापडी व चामडी पिशव्या, बूट, लाकडी फर्निचर अशा आपल्या हातच्या वस्तू त्यांत आहेत. अडचण आली तर २०१६ साली सुरू झालेले राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब आहे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ ते चालवते. तेथे जाऊन मार्गदर्शन मागावे.

एक फसवणूकही सांगून ठेवतो. "निविदा मिळवून देतो, आधी पैसे भरा" असे म्हणणारे दलाल वस्तीत येऊ लागले आहेत. निविदेची माहिती सरकार फुकट देते. ती विकत घ्यायची गरज नाही आणि ऑर्डर तर कोणीच विकू शकत नाही.

विकायचे नसेल तरी

काही वाचक म्हणतील, आम्ही धंदेवाले नाही, आम्हाला याचे काय? आपल्या कितीतरी घरांत कंत्राटी सफाई कामगार आहेत, वॉचमन आहेत. ज्या कंत्राटाखाली ते राबतात त्याची निविदाही याच पोर्टलवर निघालेली असते. किती माणसे लावायची, किमान वेतन, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय याबद्दलच्या अटी तिच्यात लिहिलेल्या असतात. हातात कमी पैसे पडत असतील तर आपल्या कंत्राटाची निविदा शोधून तिची प्रत जवळ ठेवावी. नुसत्या तक्रारीपेक्षा अटीचा क्रमांक लिहिलेली तक्रार साहेब लवकर वाचतो.

यंत्राला जे सापडत नाही त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. केंद्राच्या कार्यालयाला दहा रुपयांची फी भरून विचारता येते : गेल्या वर्षी तुमची एकूण खरेदी किती, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून किती, आणि ४ टक्के भरले नसतील तर आमच्या उद्योगांपर्यंत पोचण्यासाठी काय केले? उत्तर तीस दिवसांत द्यायचे असते. दहा वस्त्यांतून दहा कार्यालयांना असे अर्ज गेले तर त्या कार्यालयांनाही कळेल की कोणीतरी पाहते आहे. सरकारला हिशोब विचारणारे डोळे आहेत हे कळले की निम्मे काम होते.

त्या तीन भगिनींच्या बाबतीत आम्ही एवढेच केले. वस्तीतल्या बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला घेऊन बसलो, बारा कार्यालये आणि एकवीस शब्द लिहिले, आठ पानांवर पहारा लावला आणि वही त्यांच्याच घरी ठेवली. पहिल्या दोन महिन्यांत कामाच्या चार निविदा सापडल्या. दोन त्यांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या, त्या सोडल्या. एकीत दर जास्त झाला म्हणून हरल्या. चौथीचा निकाल अजून लागायचा आहे. हे यश आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हरलेल्या निविदेच्या निकालात त्यांचे नाव छापून आले आहे. त्या कार्यालयाला आता अनुसूचित जातीचा कोणी आलाच नाही असे लिहिता येणार नाही.

प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात अशी एक वही असावी. शब्दांची यादी मुलांनी करावी, रकाने निवृत्त कारकुनाने आखावेत, निविदा सर्वांनी मिळून वाचावी. मिळणे न मिळणे पुढचे. आधी सही करू, हजर होऊ.

जयभीम!